व्हॅक म्हणजे नक्की किती जोरात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लालबागला एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर मी संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचे वर्ग घेते. वर्गाचं दार सागवानी आहे आणि जुलै लागला की ते फुगून बसतं. नवा विद्यार्थी बाहेर उभा राहून कडी हलवत राहतो आणि आतून एखादा जुना ओरडतो, ‘गिव्ह इट अ व्हॅक!’ त्यामुळे आमच्याकडे ‘हाऊ आर यू’च्या आधी हाच शब्द (whack) शिकून होतो. मग त्यावरून प्रश्न सुरू होतात. दर बॅचला माणसं वेगळी असतात, प्रश्न मात्र तेच. शेवटी लिहूनच काढले.

व्हॅक म्हणजे काय? थोडक्यात सांगा.

जोरात हाणणे.

एवढंच?

थोडं आणखी आहे. फटका हाताने मारलेला असेल किंवा हातातल्या वस्तूने, पण तो बहुधा एकच असतो आणि आवाज करणारा असतो. मुळात हा शब्द म्हणजे आवाजच आहे. आपल्याकडे ‘फट्’ झालं म्हणून फटका, ‘धप्’ झालं म्हणून धपाटा. तसंच इंग्रजांच्या कानाला ‘वॅक्’ असं काही ऐकू आलं असावं, असं कोशकारांचं मत आहे. लिखाणात तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून सापडतो. ‘थ्वॅक’ हा त्याचा भाऊ वयाने मोठा, सोळाव्या शतकातला. व्हॅक हे थ्वॅकचंच बोबडं रूप असेल, असंही काही जण म्हणतात.

क्रियापद म्हणून ‘टु व्हॅक’ आणि नाम म्हणून ‘अ व्हॅक’, अशा दोन्ही तऱ्हांनी तो चालतो. ‘ही व्हॅक्ड द टेबल’ म्हणजे त्याने टेबलावर हाणलं, आणि ‘ही गेव्ह द टेबल अ व्हॅक’ म्हणजे त्याने टेबलाला एक ठेवून दिली. मराठीतही ‘हाणलं’ आणि ‘एक ठेवून दिली’ यांत जो बारीकसा फरक आहे तोच इथे. दुसऱ्या वाक्यात ‘एकच’ यावर जोर येतो.

उच्चार व्हॅक की वॅक?

मराठीत लिहिताना ‘व्हॅक’ लिहितात आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. कारण आपण ‘व्हॅन’ही तसंच लिहितो. इंग्रजीत ‘व्हॅन’चा पहिला आवाज वरचे दात खालच्या ओठाला टेकवून निघतो. ‘व्हॅक’मध्ये दातांचं काही काम नाही. ‘उ’ म्हणताना ओठांचा चंबू होतो तसा करायचा आणि तिथून झटकन ‘ॲ’वर उडी मारायची. स्पेलिंगमध्ये डब्ल्यूच्या मागे एच आहे, पण आज इंग्लंड-अमेरिकेतले बहुतेक लोक तो बोलत नाहीत. स्कॉटलंड-आयर्लंडकडचे काही लोक अजून आधी फुंकर घातल्यासारखा ‘ह्व’ करतात.

दात लावून ‘व्हॅक’ म्हटलंत तर तो वेगळाच शब्द होतो. व्हॅक्यूम क्लीनर फिरवण्याला ब्रिटिश लोक घरगुती बोलण्यात तसं म्हणतात. ‘व्हॅक द कार्पेट’ असं चुकून दात लावून बोललात तर समोरचा यंत्र काढेल, ओठांनी बोललात तर सोटा काढेल. धूळ दोन्हींनी निघते म्हणा.

भूतकाळाचा उच्चार ‘व्हॅक्ट’ (मी इथे स्पेलिंगप्रमाणे ‘व्हॅक्ड’ लिहिते आहे). ‘व्हॅकेड’ नाही. हे मी दर बॅचला निदान चाळीस वेळा सांगते.

आपल्या मारणे, हाणणे, बदडणे, चोपणे यांपैकी व्हॅक कोणता?

हा माझा सगळ्यांत आवडता प्रश्न, कारण मारण्याच्या बाबतीत मराठी कुणाला हार जाणारी नाही. फळ्यावर यादी करायला घेतली की वर्गाला चेव चढतो. धपाटा, रपाटा, रट्टा, गुद्दा, बुक्की, ठोसा, चापट, थप्पड, कानफटात, मुस्काटात, थोबाडीत, टोला, तडाखा, दणका. एका आजींनी ‘धम्मक लाडू’ सांगितला आणि बाकावरच्या दोन आयटीवाल्यांना तो समजावून सांगावा लागला.

आता छाननी. बदडणे, चोपणे, बडवणे, धोपटणे ही सगळी काही वेळ चालणारी कामं आहेत. कुणाला एकदाच धोपटता येत नाही. इंग्रजीत त्यांच्यासाठी ‘बीट’ किंवा ‘थ्रॅश’. व्हॅकमध्ये फटका सुटा असतो. दहा वेळा व्हॅक केलं तर दहा सुटे फटके मोजता आले पाहिजेत.

थप्पड म्हणजे ‘स्लॅप’, उघड्या पंजाची, आणि तिच्यात अपमान असतो. गुद्दा आणि ठोसा म्हणजे ‘पंच’, मूठ वळलेली. ‘थंप’चा आवाज बोदा, म्हणून पाठीतला धपाटा थंपच्या जास्त जवळ जातो. (हाताने थापून करायचे ते धपाटेही आपल्याकडेच, दह्याबरोबर खायचे. मारण्याच्या शब्दाला चव देणारी भाषा आहे ही.) ‘वॉलप’ म्हणजे रट्टा, अंगात ताकद असलेल्या माणसाचा. ‘बॅश’मध्ये वस्तू चेपली जाण्याची शक्यता धरायची. व्हॅकमध्ये पंजा की मूठ की काठी, हे सांगितलेलंच नसतं. मारणाऱ्याने काय वापरलं यापेक्षा फटका कसा बसला, हे तो सांगतो.

म्हणून मला विचाराल तर ‘हाणणे’ सगळ्यांत जवळचं. हाणायला हात चालतो, चप्पल चालते, बॅट चालते. आणि ‘हाणला एक’ म्हणताना आवाजात जी थोडीशी मजा असते ती व्हॅकमध्येही आहे. ‘प्रहार केला’मध्ये ती नाही.

‘डोक्यात मारलं’ याला ‘व्हॅक्ड इन द हेड’ म्हणायचं ना?

सहसा नाही, आणि ही आपली ठरलेली सवय. आपण डोक्यात मारतो, पाठीत मारतो, कानाखाली मारतो, थोबाडीत मारतो. मराठीतला हा ‘त’ तसाच उचलून सगळीकडे ‘इन’ लावला की वाक्य लंगडं होऊ शकतं. इंग्रजीत आधी माणूस येतो, मग जागा: ‘शी व्हॅक्ड हिम ऑन द हेड विथ अ न्यूजपेपर’. डोकं, पाठ, खांदा, पाय यांना सहसा ‘ऑन’. तोंड आणि पोट यांना मात्र ‘इन’: ‘इन द फेस’, ‘इन द स्टमक’. गालावर आडवा हात फिरवला असेल तर ‘अक्रॉस द फेस’. का, तर नियम असा सांगता येत नाही, कान तयार करायचा.

आणखी एक. ‘हिज हेड’ असं म्हणायची गरज नसते, ‘द हेड’ पुरतं. माणूस आधीच सांगितलाय, तेव्हा डोकं त्याचंच असणार.

माझा गुडघा टेबलाला आपटला. मी तो आपटला नाही. तरी ‘आय व्हॅक्ड माय नी’?

हो, आणि इथे इंग्रजीचा स्वभाव दिसतो. मराठीत गुडघा आपटतो, बोट चेमटतं, डोकं चौकटीला लागतं. सगळं आपोआप. आपला हात कुठेच नसतो. इंग्रजीत मात्र ‘आय व्हॅक्ड माय नी ऑन द टेबल’ असं म्हणायचं, आणि ऐकणाऱ्याच्या मनातही येत नाही की तुम्ही मुद्दाम गुडघा हाणून घेतला. माझ्या वर्गातली एक नर्स हे वाक्य बोलायला तयार होईना. म्हणाली, ‘मॅडम, मी वेडी आहे का?’ तिला सांगितलं, तिकडे कर्ता म्हणजे गुन्हेगार असं नसतं. गर्दीच्या वेळी लोकलच्या दारात कुणाची बॅग तुमच्या कोपराला लागली तर तो ‘सॉरी, डिड आय व्हॅक यू?’ म्हणेल. तिथेही हेतू नसतो.

क्रिकेटमध्ये हा शब्द ऐकला आहे. तिथे त्याचा अर्थ काय?

क्रिकेटवर थोडं लांबण लावणार, कारण अर्धा वर्ग शिवाजी पार्कवरून येतो.

ड्राइव्ह, कट, पुल, स्वीप ही फटक्यांची नावं आहेत. त्यांतून बॅट कुठून कुठे गेली ते कळतं. व्हॅक हे फटक्याचं नाव नाही. चेंडूला किती बेदरकारपणे हाणलं, ते त्यातून कळतं. ‘ही ड्रोव्ह इट थ्रू कव्हर्स’मध्ये कोच खूश होतो, ‘ही व्हॅक्ड इट ओव्हर मिडविकेट’मध्ये गॅलरी. आपल्या वर्तमानपत्रांत ‘टोलवला’, ‘भिरकावला’, ‘षटकार खेचला’ असतं ना, त्याच घरातला हा शब्द.

उदाहरणं मुंबईतच पुष्कळ. १९२६च्या डिसेंबरमध्ये बॉम्बे जिमखान्यावर सी. के. नायडूंनी इंग्लंडहून आलेल्या एमसीसी संघाविरुद्ध १५३ धावा काढल्या, त्यांत ११ षटकार होते. त्या जमान्यात चेंडू हवेत मारणं हा जवळपास असभ्यपणा मानला जाई, आणि हे गृहस्थ पाहुण्यांना अकरा वेळा कुंपणाबाहेर धाडत होते. त्या खेळीचं वर्णन करताना ‘हिट’ हे क्रियापद फिकं पडतं. दुसरं म्हणजे १० जानेवारी १९८५, वानखेडे. रणजी सामन्यात रवी शास्त्रींनी बडोद्याच्या तिलक राज यांच्या एका षटकात सहाच्या सहा चेंडूंवर षटकार मारले. तोवर प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये हे फक्त गॅरी सोबर्स यांना, १९६८ मध्ये, जमलं होतं. त्याच खेळीत शास्त्रींचं द्विशतक ११३ मिनिटांत झालं. वर्गात मी विचारते, या सहा षटकारांचं इंग्रजीत वर्णन करा, पण ‘हिट’ एकदाही वापरायचा नाही. मग पोरं व्हॅक, स्मॅक, थंप, क्लाउट, बेल्ट, वॉलप अशी सहा क्रियापदं शोधून आणतात. षटक संपतं आणि पाठही.

मग स्लॉग वेगळा?

वेगळा. स्लॉग म्हणजे डोळे मिटून फिरवणे, लागला तर लागला. त्यात तंत्राची निंदा आहे, व्हॅकमध्ये ती असेलच असं नाही. शिवाय स्लॉगचा दुसरा अर्थ रखडत, घाम गाळत काम करणे. ‘वी स्लॉग्ड ऑल नाइट’ म्हणजे रात्रभर राबलो. व्हॅकला हा अर्थ नाही.

ऑफिसात वापरला तर चालेल का?

ओळखीच्या सहकाऱ्यापाशी चालेल. ईमेलमध्ये, मुलाखतीत, वरिष्ठांसमोर नको. हा बोलीतला शब्द आहे. चहाच्या टपरीवर ‘हाणला एक’ म्हणता, तसं अर्जात लिहीत नाही ना?

पण ब्रिटिश माणूस तुमच्यापाशी तो वापरेल, आणि मारण्याशी काही संबंध नसताना वापरेल. त्याची तयारी हवी. शिकवायला लागण्याआधी मी फोर्टमध्ये एका कापड निर्यात करणाऱ्या कंपनीत नोकरी करत होते. लंडनचं एक गिऱ्हाईक फोनवर म्हणालं, ‘जस्ट व्हॅक इट इन द पोस्ट.’ नमुन्याच्या कापडाचे चार तुकडे पाठवायचे होते. मला व्हॅक म्हणजे हाणणे एवढंच माहीत. मी पॅकिंग खात्याला सांगितलं की गिऱ्हाईकाच्या म्हणण्याप्रमाणे टपालात मालाला फार मार बसतो. त्यांनी चार तुकड्यांसाठी लाकडी खोका बनवला. भाडं पाहून लंडनहून जो फोन आला त्यातले काही शब्द मला नंतर बरेच उपयोगी पडले.

त्याला म्हणायचं होतं: टाक की पोस्टात, फार विचार करू नकोस. ब्रिटिश बोलण्यात ‘व्हॅक इट इन द ओव्हन’ म्हणजे ओव्हनमध्ये सरकवून दे, ‘व्हॅक सम सॉल्ट इन’ म्हणजे मीठ टाक थोडं, ‘व्हॅक द हीटिंग अप’ म्हणजे हीटर चढव. नजाकत न करता, झटक्यात करण्याची कुठलीही क्रिया.

हे विचित्र वाटत असेल तर आपला ‘ठोकणे’ बघा. भाषण ठोकतो, सलाम ठोकतो, मुक्काम ठोकतो, धूम ठोकतो, शड्डू ठोकतो, बेड्या ठोकतो, शतकही ठोकतो. यांतल्या किती ठिकाणी हातोडा असतो? माझ्याकडे मराठी शिकू पाहणारा एक गुजराती शेजारी आहे. ‘त्याने गावी मुक्काम ठोकला’ हे वाक्य ऐकून त्याने विचारलं होतं, मुक्कामाने काय बिघडवलं होतं? मारण्याची क्रियापदं फार चालतात, वाटेत त्यांच्यातला मार गळून पडतो आणि जोर तेवढा उरतो. व्हॅक शिकताना अडलात की ठोकणे आठवायचं.

अमेरिकन मालिकांत ‘व्हॅक’ म्हणजे खून असतो. खरं का?

खरं आहे. अमेरिकेतल्या माफियांच्या भाषेत व्हॅक म्हणजे ठार करणे. ‘ही गॉट व्हॅक्ड’, म्हणजे त्याला उडवला. ‘दे हॅड हिम व्हॅक्ड’, म्हणजे सुपारी देऊन काम करून घेतलं. वाक्याची रचना बघा: मारणारा बहुतेक वेळा वाक्यात नसतोच. बोलणाऱ्याची तीच सोय आहे.

मुंबईकराला हे समजावून सांगावं लागू नये. आपल्याकडे नव्वदच्या दशकात सकाळच्या पेपरात काय शब्द यायचे, आठवा. ‘ठोकला’, ‘टपकवला’, ‘गेम केला’. माणूस जिवानिशी जायचा आणि क्रियापद मात्र खिळ्याचं, आंब्याचं किंवा खेळाचं. खून हा शब्द टाळायचा असला की दोन्हीकडचे गुंड घरातला एखादा छोटा शब्द उचलतात, ही जमात सगळीकडे सारखीच. फरक एवढाच की व्हॅकमधून कोर्टात काही सिद्ध होणार नाही, अशी तिथल्या गुंडांना आशा असावी.

नेमका कोणता अर्थ, हे ओळखायचं कसं? मधमाशी, चेंडू, टेबल किंवा धाकटा भाऊ असेल तर फटका. बोलणारा अमेरिकन, विषय गुन्हेगारीचा आणि मार खाणारा माणूस असेल, तर प्रेत.

‘आय ॲम व्हॅक्ड’ म्हणजे मला मारलं?

लंडनमध्ये म्हणाल तर ‘मी पार दमलोय’. संध्याकाळच्या विरार फास्टमधून उतरल्यावर जे वाटतं ते. न्यूयॉर्कमध्ये म्हणाल तर ऐकणारा क्षणभर विचारात पडेल, कारण त्याच्या हिशेबाने व्हॅक झालेला माणूस बोलत नसतो. तिथे ‘व्हॅक्ड आउट’ असाही प्रयोग आहे, त्याचा अर्थ नशेत किंवा डोकं ठिकाणावर नसलेला. सुरक्षित राहायचं असेल तर दोन्हीकडे ‘टायर्ड’ म्हणा.

‘आउट ऑफ व्हॅक’ हे काय प्रकरण आहे?

घडी विस्कटलेली, ताळमेळ सुटलेला. हा प्रयोग अमेरिकन, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. त्याच्या मुळाशी फटका नसून सौदा आहे, असं एक मत आहे. जुन्या बोलीत ‘व्हॅक’ म्हणजे ठरलेला वाटा, कबूल केलेली गोष्ट. गोष्ट कबुलीबाहेर गेली की ती आउट ऑफ व्हॅक. वर्गाला मात्र दुसरीच उपपत्ती आवडते. जुना टीव्ही आउट ऑफ व्हॅक झाला की आपण काय करायचो? डोक्यावर एक व्हॅक! चित्र परत यायचं. शास्त्र म्हणून हे टिकणार नाही, पण लक्षात राहतं, म्हणून मी विरोध करत नाही.

पावसात रुळांवर पाणी भरलं आणि लोकलचं वेळापत्रक कोलमडलं, तर ‘द होल टाइमटेबल इज आउट ऑफ व्हॅक’. पाठीचा मणका सरकल्यासारखा वाटला तर ‘माय बॅक इज आउट ऑफ व्हॅक’. एखाद्याचे दर बाकी बाजाराशी जुळत नसतील तरी हाच प्रयोग. हा मात्र ऑफिसात बिनदिक्कत वापरा, कुणी भुवया उंचावणार नाही. उलट बाजूने ‘इन व्हॅक’ म्हणून कौतुक करायला जाऊ नका. आज तसं कोणी बोलत नाही.

पाऊस झोडपतो तसा तो इंग्रजीत व्हॅक करतो का?

नाही. ‘पावसाने मुंबईला झोडपले’ हा मथळा आपण दर वर्षी छापतो. इंग्रजीत त्या जागी ‘लॅश’, ‘पाउंड’ किंवा ‘बॅटर’ येतात, सगळे सतत चालणाऱ्या माराचे शब्द. व्हॅक एका फटक्याचा. वर म्हटलं तेच.

‘व्हॅक-अ-मोल’ हा तर मॉलमधला खेळ ना?

तोच. भोकांतून प्लास्टिकची डोकी वर येतात आणि आपण हातोड्याने हाणायची. एकाला दाबलं की दुसरं वर. मोल म्हणजे जमिनीत बिळं करणारा, जवळजवळ आंधळा प्राणी. तिकडे तो लोकांच्या हिरवळी उकरतो म्हणून त्याच्यावर राग. हा खेळ मूळचा जपानचा, १९७०च्या दशकातला, तिथून अमेरिकेत गेला आणि तिथे त्याची म्हण झाली. एक प्रश्न मिटवावा तर दुसरीकडे तोच डोकं काढतो, अशा कामाला ‘इट्स अ गेम ऑफ व्हॅक-अ-मोल’ म्हणतात.

उदाहरण द्या म्हटलं की माझ्या वर्गात दर वर्षी, दर बॅचला, सगळे एकच उदाहरण देतात: रस्त्यावरचे खड्डे. मी आता ते फळ्यावर आधीच लिहून ठेवते आणि दुसरं मागते. मागच्या वेळी एका गृहिणीने ‘घरातल्या मुंग्या’ म्हटलं. डबा बदला, त्या दुसऱ्या डब्यात. हे मला खड्ड्यांपेक्षा जास्त पटलं.

‘मिसळ हाणली’ याला ‘आय व्हॅक्ड अ मिसळ’?

समोरचा विचारेल, मिसळीने काय केलं होतं? आपल्याकडे मिसळ हाणतात, लाडू झोडतात, जेवण चापतात. इंग्रज खाण्याच्या बाबतीत पाडापाडी करतो: ‘आय डिमॉलिश्ड द मिसळ’. व्हॅक इथे नको.

मुलाला शिक्षकाने मारलं, शाळेला पत्र लिहायचं आहे. ‘व्हॅक्ड’ लिहू का?

अजिबात लिहू नका. एका पालकाने लिहिलेलं असं पत्र मी वेळेत पाहिलं म्हणून सांगते. व्हॅकमध्ये गंमत मिसळलेली असते, म्हणून तो तक्रारीचं वजन घालवतो. वाचणाऱ्याला वाटेल की पाठीत एक धपाटा दिला, आईबाबा उगाच चिडलेत. ‘स्लॅप्ड’, ‘हिट विथ अ रूलर’, जे घडलं ते नेमकं लिहा. कधी, कुठे, कशाने, तेही लिहा. शिक्षणहक्क कायदा २००९ चा आहे आणि त्याच्या कलम १७ प्रमाणे शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. पत्रात त्या कलमाचा उल्लेख केलात तर कुठलंही जोरकस क्रियापद शोधावं लागणार नाही.

परदेशी नातेवाइकांशी बोलतानाही जपून. ‘मी त्याला एक हाणली’ हे आपण हसत सांगतो. स्कॉटलंडमध्ये २०२० पासून आणि वेल्समध्ये २०२२ पासून आईवडिलांनीही मुलाला शिक्षा म्हणून मारणं कायद्याने बंद आहे. कार्डिफच्या भाचीला ‘आय व्हॅक्ड हिम’ सांगितलंत तर ती हसणार नाही.

एच नसलेला ‘वॅक’ दिसतो. तो छपाईचा घोळ?

घोळ नाही, तो वेगळा शब्द आहे. अमेरिकन बोलीत एच नसलेला वॅक म्हणजे भिकार, फालतू. कीथ हेरिंग या चित्रकाराने १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये एका भिंतीवर ‘क्रॅक इज वॅक’ असं मोठं भित्तिचित्र रंगवलं. क्रॅक हा कोकेनचा प्रकार, त्याविरुद्धचा तो इशारा. ‘वॅकी’ म्हणजे चक्रम, तोही याच गोतावळ्यातला मानतात. डोक्याला फटका बसलेला माणूस, असं काहीसं.

‘फुल व्हॅक’?

वर सौद्यातला वाटा सांगितला, तोच. ब्रिटनमध्ये ‘आय पेड फुल व्हॅक’ म्हणजे सवलत नाही, पूर्ण पैसे मोजले. बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाचं लोकलमध्ये फुल तिकीट काढावं लागतं, तसं. ‘टॉप व्हॅक’ म्हणजे फार तर फार: ‘फाइव्ह हंड्रेड रुपीज, टॉप व्हॅक’. क्रॉफर्ड मार्केटमध्ये वापरून बघू नका, विक्रेता मराठीतच उत्तर देईल.

‘हॅव अ व्हॅक ॲट इट’ म्हणजे मारामारीला चिथावणी?

प्रयत्न करून बघ, एवढंच. आपण ‘हात मारून बघतो’ म्हणतो, तसं.

व्हॅकच्या मागे ‘ऑफ’ लावला तर?

लावू नका. अर्थ अश्लील होतो. वर्गात विचारलंत तरी इतकंच सांगते.

मी सबटायटल्स करतो. व्हॅकला मराठीत एकच शब्द ठरवून द्या.

हा मुलगा गोरेगावला एका स्टुडिओत काम करतो आणि त्याला खरोखर घाई असते. तरी एक शब्द देता येत नाही. आजी नातवाला व्हॅक करते तिथे ‘धपाटा घातला’. फलंदाज करतो तिथे ‘टोलवला’. गुंड करतो तिथे ‘उडवला’. आचारी कढईत मीठ व्हॅक करतो तिथे नुसतं ‘टाकलं’, कारण जोर त्याच्या हातात दिसतोच आहे, तो ओळीत पुन्हा कशाला. ‘तडाखा’ आणि ‘प्रहार’ हे दोन शब्द मात्र वहीतून खोडून टाक, असं मी त्याला म्हणाले, ते पौराणिक मालिकांसाठी राखीव आहेत.

तो म्हणाला, ‘आणि पात्र बंद दाराला व्हॅक करत असेल तर?’

मी म्हटलं, ‘तू पहिल्या दिवशी बाहेर उभा होतास तेव्हा काय केलंस?’

‘धक्का दिला. मग लाथ घातली.’

लाथ म्हणजे ‘किक’. त्या दिवसापासून दाराची खालची फळी हलते आहे.